फॉंगपुईला जायचंय? मिझोरमच्या निळ्या डोंगरावर रानऑर्किडं पाहण्यासाठी सविस्तर मार्गदर्शन

मिझोरमच्या आग्नेय कोपऱ्यात, लॉंगतलाई जिल्ह्यात, म्यानमारच्या सीमेजवळ फॉंगपुई हा डोंगर आहे. उंची २१५७ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा पाचशे मीटरनं जास्त. अख्ख्या मिझोरममधलं हे सर्वांत उंच शिखर. दुरून निळसर दिसतो म्हणून त्याला ब्लू माउंटन असंही म्हणतात. डोंगर आणि त्याभोवतालचं सुमारे ५० चौरस किलोमीटरचं जंगल १९९२ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झालं. रानऑर्किडं आणि ऱ्होडोडेंड्रॉनची फुलझाडं यांसाठी हे उद्यान ओळखलं जातं. डोंगरमाथ्याचं गवताळ मैदान, त्याच्या कडेनं बांबू आणि ओकचं जुनं जंगल, पश्चिमेला सरळ तुटलेले कडे असं सगळं एवढ्याशा जागेत आहे.

शिखराला हात लावून त्याच दिवशी उतरणाऱ्याला इथली ऑर्किडं दिसत नाहीत. ती असतात, पण वाटेच्या कडेला रांगेनं नसतात. जुन्या झाडांच्या फांद्यांवर, पंधरा-वीस फुटांवर, शेवाळात बसलेली असतात. त्यासाठी वर मुक्काम करावा लागतो आणि सावकाश चालावं लागतं. म्हणून हे नियोजन मी शिखराच्या हिशेबानं न मांडता झाडांच्या हिशेबानं मांडतो आहे.

आधी महिना ठरवा, मग तिकीट काढा

उद्यानात जाण्याचा काळ साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. मे महिन्यापासून पाऊस जोर धरतो, दरडी कोसळतात, वरपर्यंतचा कच्चा रस्ता चिखलात जातो आणि जळवा निघतात. पावसाळ्यात जाऊ नका.

या सहा महिन्यांतही दोन वेगळे हंगाम आहेत आणि दोन्ही एकाच फेरीत मिळत नाहीत. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हवा स्वच्छ असते. सकाळी खालच्या दऱ्यांत ढगांचा समुद्र दिसतो, पलीकडे म्यानमारच्या चिन टेकड्या दिसतात. फुलं मात्र थोडी. नोव्हेंबरच्या सुरुवातीला निळी वांडा या ऑर्किडचा बहर संपत आलेला असतो. ती मुळात शिखरापेक्षा खालच्या उंचीवरच्या जंगलातली आहे. स्लिपर ऑर्किडांपैकी काही हिवाळ्यात फुलतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये ऱ्होडोडेंड्रॉन लाल होतो. मार्चपासून डेंड्रोबियम आणि सिलोजिनी ही ऑर्किडं फुलायला लागतात आणि एप्रिलमध्ये त्यांचा जोर असतो. पण हेच झूम, म्हणजे फिरत्या शेतीसाठी तोडलेलं रान जाळण्याचे दिवस. त्यामुळे हवेत धूर असतो, लांबचं काही स्पष्ट दिसत नाही, फोटोत आकाश पांढरट येतं.

फुलांसाठी जात असाल तर मार्चचा उत्तरार्ध ते एप्रिलचा पहिला आठवडा निवडा आणि दूरच्या देखाव्यांची अपेक्षा सोडा. त्यानंतर फुलं आणखी वाढतात, पण वळवाच्या सरीही वाढतात आणि वरून गाडी खाली आणणं बेभरवशाचं होतं. मिझोरमचं राज्यफूल असलेली लाल वांडा एप्रिल-मेमध्ये फुलते. ती फार दुर्मिळ झाली आहे, तेव्हा ती दिसेलच असं धरून जाऊ नका.

रविवार टाळून दिवस आखा

मिझोरममध्ये रविवारी सगळं बंद असतं. दुकानं बंद, काउंटर सुमो (जागेनुसार भाडं घेणाऱ्या सामायिक जीपगाड्या) बंद, लोक दिवसभर चर्चमध्ये. त्या दिवशी वाटाड्यालाही कामाला जुंपू नये. वेळापत्रक या एका गोष्टीभोवती बसवलं की बाकीचं आपोआप जुळतं:

- शुक्रवार: मुंबई किंवा पुण्याहून कोलकाता अथवा गुवाहाटीमार्गे आयझॉल.
- शनिवार: आयझॉल ते लॉंगतलाई. पूर्ण दिवस गाडीत जातो.
- रविवार: लॉंगतलाईत विश्रांती.
- सोमवार: सकाळी वनखात्याचं काम, मग सांगाऊ गावी मुक्काम.
- मंगळवार: सांगाऊहून डोंगरमाथ्याजवळच्या फारपाक मैदानावर.
- बुधवार, गुरुवार: वरच.
- शुक्रवार: खाली उतरून लॉंगतलाई. शनिवारी आयझॉल, सोमवारी परतीचं विमान.

यात वर तीन रात्री मिळतात. त्यातली एक कमी करून घरी लवकर पोचण्याचा मोह होतो. तसं करू नका. एखादा दिवस धुक्यात जातोच, आणि उरलेला एकच दिवस हातात असेल तर तो शिखराच्या वाटेवरच संपतो. मार्चच्या सुरुवातीला जाणार असाल तर छापचार कूट या सणाची तारीख आधी पाहा. त्या दिवसांत गाड्या आणि खोल्या मिळणं अवघड जातं. नाताळच्या आठवड्याचंही तसंच.

कागदपत्रं

मिझोरममध्ये जायला भारतीय नागरिकांनाही इनर लाइन परमिट लागतं. ऑनलाइन अर्जाची सोय आहे, लेंगपुई विमानतळावरही काढता येतं. मी म्हणेन, घरूनच काढून निघा. ओळखपत्राच्या छापील प्रती आणि पासपोर्ट आकाराचे फोटो जवळ ठेवा. पास हातात आला की त्यावरची मुदत तपासा, कारण वरचं वेळापत्रक अकरा दिवसांचं आहे आणि मुदत त्याहून कमी निघाली तर वाढवून घेण्यासाठी आयझॉलमध्येच वेळ काढावा लागेल.

परदेशी पासपोर्ट असलेल्या मराठी मंडळींसाठी नियम वेगळा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रानं मणिपूर, नागालँड आणि मिझोरममध्ये संरक्षित क्षेत्राचे नियम पुन्हा लागू केले. त्यामुळे परदेशी नागरिकांना प्रोटेक्टेड एरिया परमिट लागतं, आणि ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड असलं तरी ते चुकत नाही. नातेवाइकांसोबत जाणार असाल तर हे दोन-तीन महिने आधी हाती घ्या.

तिसरा कागद वनखात्याचा. उद्यानात शिरायला लेखी परवानगी हवी आणि फारपाकचं विश्रामगृह हवं असेल तर त्याचीही. निघण्यापूर्वी खात्याच्या आयझॉलमधल्या कार्यालयाशी फोनवर बोला आणि कुठल्या कार्यालयात, कुणाच्या नावे अर्ज द्यायचा ते विचारून घ्या. नंतर अर्ज पाठवा, पण पोचल्यावर प्रत्यक्ष जाऊन भेटा. अर्जात माणसं किती, रात्री किती, गाडी असेल का आणि हेतू काय हे स्पष्ट लिहा. 'ऑर्किडं आणि पक्षी पाहणे व छायाचित्रण' एवढं पुरतं. त्याच वेळी स्थानिक वाटाड्या मागून घ्या. झाडांची जाण असलेला माणूस हवा, हे आवर्जून सांगा. शिखराची वाट कुणीही दाखवेल.

आयझॉलपासून सांगाऊपर्यंत

लेंगपुई विमानतळ आयझॉलपासून सुमारे ३२ किलोमीटरवर आहे. २०२५ च्या सप्टेंबरात बैरबी-सैरांग रेल्वेमार्ग सुरू झाल्यापासून आगगाडीही आयझॉलजवळच्या सैरांगपर्यंत येते. वेळ असेल तर जाताना किंवा येताना हा मार्ग जरूर घ्या. बोगदे आणि उंच पूल यांतून जाणारा तो प्रवास सुंदर आहे.

आयझॉल ते लॉंगतलाई अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास. नकाशावरचा आकडा पाहून सहा तासांत पोचू असं समजू नका. सगळा घाट आहे. डोंगराच्या कण्यावरून रस्ता जातो, नदीपर्यंत उतरतो, पुन्हा चढतो. काउंटर सुमोची जागा आदल्या दिवशी सांगून ठेवावी लागते. गाड्या पहाटे सुटतात. घाटात मळमळणाऱ्यांनी पुढची किंवा मधली जागा मागावी, मागच्या बाकावर हाल होतात. चार-पाच जण असाल तर आयझॉलमधूनच फोर-व्हील ड्राइव्ह गाडी चालकासह ठरवणं चांगलं. खर्च जास्त, पण तीच गाडी पुढे वरपर्यंत उपयोगी पडते. ठरवतानाच चालकाला 'फारपाकपर्यंत यायचं आहे' हे सांगा, नाहीतर सांगाऊला पोचल्यावर वाद होतो.

लॉंगतलाईत रोख पैसे काढून ठेवा, पुढे एटीएमवर विसंबू नका. मोबाइलची रेंजही पुढे येते-जाते. घरच्यांना तीन-चार दिवस संपर्क होणार नाही असं आधीच सांगा. नकाशे ऑफलाइन उतरवून घ्या.

सांगाऊ हे डोंगराच्या पायथ्याकडचं मोठं गाव. थालत्लांग हे दुसरं गाव, तिथूनही वर जाणारी वाट आहे. या भागात लाई लोक राहतात. लाई आणि मिझो भाषा चालतात, हिंदी फार थोड्यांना येते, तरुणांशी इंग्रजीत बोलता येतं. 'चिबाय' म्हणजे नमस्कार आणि 'का लॉम ए' म्हणजे धन्यवाद, हे दोन शब्द आले तरी चेहरे खुलतात. 'बॉम्बेहून आलो' म्हटलं की टाटा हॉस्पिटलचा विषय निघू शकतो, कारण कर्करोगाच्या उपचारांसाठी मिझोरममधून कितीतरी रुग्ण मुंबईला येतात आणि वाशीच्या मिझोरम हाउसमध्ये उतरतात. अशा वेळी घाईनं निघू नका, बसून बोला.

जेवण लवकर होतं. सकाळचं पूर्ण जेवण आठ-नऊच्या सुमारास, रात्रीचं अंधार पडता पडता. भात, उकडलेल्या पालेभाज्या, डाळ, धुरावलेलं डुकराचं मांस असा थाळा असतो. शाकाहारी लोकांनी एक लक्षात ठेवावं: 'बाई' नावाची पालेभाजी दिसायला साधी असते, पण तिच्यात बऱ्याचदा डुकराची आंबवलेली चरबी घालतात. मागण्यापूर्वी विचारा. वरच्या मुक्कामासाठी तांदूळ, डाळ, कांदे-बटाटे, चहा-साखर सांगाऊतून घ्या. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि भाजणी घरून न्या. गरम भात आणि मेतकूट तिथल्या थंडीत फार कामी येतं.

फारपाक: इथे मुक्काम करायचा

फारपाक म्हणजे डोंगरमाथ्याजवळचं मोकळं गवताळ मैदान. वनखात्याचं विश्रामगृह इथेच आहे. कोरड्या दिवसांत कच्च्या रस्त्यानं फोर-व्हील ड्राइव्ह गाडी इथपर्यंत येते. अंगात ताकद असेल तर माणसांनी चालत यावं आणि सामान गाडीतून पाठवावं. वाटेत जंगल बदलत जाताना दिसतं आणि काही चांगली झाडं याच टप्प्यात आहेत.

विश्रामगृहात चादरी, दिवे, पाणी यांची खात्री धरू नका. स्लीपिंग बॅग, टॉर्च, पॉवर बँक आणि पाणी शुद्ध करायच्या गोळ्या आपल्या असाव्यात. मार्चमध्येही रात्री बोचरी थंडी पडते आणि मैदानावर वारा अडवायला काही नसतं. वारा अडवणारं जाकीट, लोकरी टोपी आणि मोज्यांचे जादा जोड न्या.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या लोकांना पहिल्या दिवशी गोंधळात टाकते. आपण देशाच्या पार पूर्वेला असतो आणि घड्याळ मात्र तेच. डिसेंबरात पावणेपाचच्या आधीच सूर्य मावळतो, मार्च अखेरीस साडेपाचच्या सुमारास. म्हणून सगळा दिवस दोन तास आधी सरकवा. पहाटे साडेचारला उठा, उजाडताच बाहेर पडा, तीनला परतीची वाट धरा.

ऑर्किडं शोधायची कशी

वाटेवरून चालत चालत वर बघत राहिलं तर मान दुखते आणि हाती काही लागत नाही. त्यापेक्षा झाड निवडा. खरखरीत सालीचं, आडव्या जाड फांद्यांचं, शेवाळानं भरलेलं जुनं ओकचं झाड. पाइनकडे जाऊ नका, त्याची साल सुटत राहते आणि तिथे फारसं काही टिकत नाही. मैदान संपून जंगल सुरू होतं ती कड सर्वांत चांगली, कारण तिथे धुकंही पोचतं आणि उजेडही. झाडाखाली न जाता दहा-पंधरा पावलं लांब बसा आणि दुर्बिणीनं बुंध्यापासून सुरुवात करून एकेक फांदी टोकापर्यंत तपासा. ८ बाय ४२ ची दुर्बीण पुरते. एका झाडाला अर्धा तास द्या. पहिल्या पाच मिनिटांत फक्त नेचे आणि शेवाळ दिसतं, मग हळूहळू त्यात वेगळ्या आकाराची पानं दिसू लागतात.

फूल शोधू नका, आधी खोड शोधा. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. डेंड्रोबियमच्या बऱ्याच जातींची पानं हिवाळ्यात गळतात आणि मार्चमध्ये उरतात त्या पिवळट, वाळक्या वाटणाऱ्या कांड्यांचे झुबके. नवखा माणूस त्यांना मेलेलं समजून पुढे जातो. दुर्बीण त्या कांड्यांच्या पेरांवर स्थिर करा. तिथे फुगलेले कळे दिसतात किंवा बाजूच्याच कांडीवर फुलं उघडलेली असतात. सिलोजिनीची ओळख वेगळी: दोऱ्यासारख्या आडव्या खोडावर ओळीनं बसलेले हिरवे गोळे आणि प्रत्येकावर एक-दोन पानं. त्या गोळ्यांत झाड कोरड्या महिन्यांसाठी पाणी साठवतं. बल्बोफायलम या ऑर्किडमध्ये गोळे लहान, प्रत्येकावर एकच पान, आणि फूल इतकं बारीक असू शकतं की फोटो मोठा करून पाहिल्यावरच कळतं.

एखाद्या खाली वाकलेल्या फांदीवर मुळं जवळून दिसली तर थांबा. दुपारच्या कोरड्या हवेत ती खडूसारखी पांढरी दिसतात, फक्त टोक हिरवं. त्या पांढऱ्या थराला व्हेलामेन म्हणतात. मेलेल्या, पोकळ पेशींचं ते आवरण असतं. संध्याकाळी धुकं आलं की तो थर पाणी शोषतो, पारदर्शक होतो आणि आतला हिरवा रंग बाहेर दिसू लागतो. दुपारी पाहिलेलं मूळ संध्याकाळी पुन्हा पाहा, रंग बदललेला दिसेल. आपल्याकडे खेड्यात ऑर्किडला सर्रास बांडगूळ म्हणतात, पण ऑर्किड झाडातून काहीच घेत नाही. फांदी फक्त बसायला लागते, पाणी हवेतून मिळतं.

खाली पाहायलाही विसरू नका. स्लिपर ऑर्किडं शेवाळलेल्या खडकांवर, पालापाचोळ्यात किंवा झाडांच्या बुंध्यांशी वाढतात आणि फूल नसताना ती साध्या पट्टीसारख्या पानांची झुडपं वाटतात. म्हणून वाट सोडून पाय टाकायचा नाही.

सांगाऊ-लॉंगतलाई रस्त्याच्या कडेची झाडंही बघत चला. कमी उंचीवर रिंकोस्टायलिस रेटुसा हे ऑर्किड भेटू शकतं. लोंबणारा गुलाबी-पांढरा तुरा पाहताच सह्याद्रीत फिरणारे ओळखतील, कारण हीच जात आपल्याकडेही आहे. आसामात बिहूच्या दिवसांत बायका हे फूल केसांत माळतात.

फोटोसाठी मॅक्रो लेन्सपेक्षा ७०-३०० सारखी लांब लेन्स उपयोगी, कारण फुलं उंच असतात. पांढऱ्या आकाशावर फूल काळं पडतं, म्हणून एक्स्पोजर एक टप्पा वाढवा. ओळख पटवायची असेल तर फुलाचा समोरून, बाजूनं आणि ओठाचा (मधल्या वेगळ्या आकाराच्या पाकळीचा) असे तीन, शिवाय पान, खोड आणि अख्खं झाड असे फोटो हवेत. नुसत्या सुंदर फुलाच्या फोटोवरून जात सांगणं तज्ज्ञांनाही जड जातं. ही सगळी कामं सकाळी सात ते दहा या वेळात उरका. नंतर बऱ्याचदा दरीतून ढग वर येतात.

शिखर, कडे आणि प्राणी

शिखराची वाट फारपाकहून आहे, अर्ध्या दिवसात जाऊन येता येतं. त्याहून मला पश्चिमेचे थ्लाझुआंग खाम हे कडे मोलाचे वाटतात. हे तुटलेले कडे डोंगरी शेळ्यांसारख्या दिसणाऱ्या गोरलचं ठिकाण आहे. कडेपासून लांब बसून समोरची धार दुर्बिणीनं तपासा. वाऱ्यात टोकाशी जाऊ नका, गवत निसरडं असतं. मिझोरमचा राज्यपक्षी असलेली ह्यूमची फेझंट आणि ब्लाइथचा ट्रॅगोपन हे कोंबडीच्या कुळातले दोन पक्षी इथे आहेत. पक्षीनिरीक्षक मुद्दाम येतात ते माउंट व्हिक्टोरिया बाबॅक्ससाठी. भारतात तो याच डोंगराळ पट्ट्यात भेटतो. क्लाउडेड लेपर्डही या जंगलात आहे, पण तो दिसेल ही अपेक्षा नको.

एकही रोप आणायचं नाही

राष्ट्रीय उद्यानातून काहीही बाहेर नेणं गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात निळी वांडा, लाल वांडा आणि स्लिपर ऑर्किडं यांना नावानिशी संरक्षण आहे. उद्यानाबाहेरच्या जंगलातूनही ती तोडता येत नाहीत. वाटेत कुणी रोपं विकायला आणली तरी घेऊ नका. एक झुबका विकला गेला की पुढच्या आठवड्यात दोन उतरवले जातात. निळ्या वांडाची जंगलातली संख्या अशाच वेचणीनं घटली.

शिवाय ते रोप ठाण्याच्या किंवा कोथरूडच्या गॅलरीत टिकणार नाही. त्याला दोन हजार मीटरची थंडी आणि रोजचं धुकं लागतं. ऑर्किडच्या धुळीएवढ्या बियांत अन्नसाठा नसतो. ठरावीक बुरशी भेटली तरच बी रुजतं आणि फुलायला कित्येक वर्षं घेतं. घरी ऑर्किड हवंच असेल तर टिश्यू कल्चरचं रोप रोपवाटिकेतून घ्या. वाऱ्यानं फांदी मोडून ऑर्किड खाली पडलेलं दिसलं तर वाटाड्याला दाखवा, तो काय करायचं ते ठरवेल.

फोटो समाजमाध्यमांवर टाकताना जागेचा नेमका पत्ता काढून टाका. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करत असाल तर स्थान अस्पष्ट ठेवण्याचा पर्याय निवडा. वांडा आणि स्लिपर ऑर्किडांच्या बाबतीत 'फॉंगपुई' एवढंच लिहा, वाट आणि वळण लिहू नका.

तब्येत

लॉंगतलाई जिल्ह्यात मलेरियाचं प्रमाण जास्त आहे. धोका माथ्यावरच्या थंडीपेक्षा खालच्या गावांत अधिक. लांब बाह्यांचे कपडे, डास पळवणारं मलम आणि मच्छरदाणी न्या. प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्या का ते निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. गवतात गोचिडी असतात, रोज रात्री कपडे आणि अंग तपासा. मोठं रुग्णालय दूर आहे, त्यामुळे नेहमीची औषधं दुप्पट न्या आणि गुडघ्याचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी आधी तपासणी करून घ्या.

परत आल्यावर महिना-दोन महिन्यांत ताप आला तर 'व्हायरल असेल' म्हणून अंगावर काढू नका. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की मिझोरमला जाऊन आलोय, आणि मलेरियाची रक्ततपासणी त्याच दिवशी करून घ्या.